आत शिरतानाच ‘गुड नाइट’: त्रिनिदादमधले माझे शेवटचे चार आठवडे

दिवेलागणीनंतर वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर कुणाच्या घरी गेलात तर दारातूनच ‘गुड नाइट’ म्हणायचं. निघताना नाही, पोचल्यावर. मी नवा होतो तेव्हा एका बाईंनी दार उघडून मला हसत ‘गुड नाइट’ केलं आणि मी ‘बरं, उद्या येतो’ म्हणून आल्या पावली परत फिरलो. दोन वर्षं ती गोष्ट त्या घरात चघळली गेली. माझ्या निरोपाच्या जेवणातही निघालीच.

मी नगर जिल्ह्यातला. आमच्या चर्चच्या मंडळीने मला दोन वर्षांच्या सेवेसाठी दक्षिण त्रिनिदादमध्ये, प्रिन्सेस टाउनला पाठवलं होतं. माझ्यानंतर इथूनच दुसरं कुणीतरी जाईल, म्हणून हे लिहून ठेवतोय. पहिल्या दिवसांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. शेवटच्या दिवसांत काय करायचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

गावाचं जुनं नाव ‘मिशन’. स्पॅनिश कॅपुचिन पाद्र्यांनी मूळ रहिवाशांसाठी इथे ठाणं वसवलं, त्यावरून. १८८० मध्ये ब्रिटिश राजघराण्यातले दोन राजपुत्र येऊन गेले आणि गाव प्रिन्सेस टाउन झालं. आसपास सगळी उसाची शेतं, आता बरीचशी पडीक. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे १ लाख ४४ हजार माणसं भारतातून करारावर मजुरीला या बेटावर आली, बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशकडची. त्यांच्यासाठी १८६८ मध्ये जॉन मॉर्टन नावाचे कॅनडाचे पाळक शेजारच्या इएरे व्हिलेजला येऊन राहिले, हिंदी शिकले आणि शाळा काढल्या. सॅन फर्नांडोच्या कॉफी स्ट्रीटवरच्या प्रेस्बिटेरियन चर्चचं नाव आजही ‘सुसमाचार’ आहे. आपण शुभवर्तमान म्हणतो तेच. पाटीवर ते रोमन लिपीत वाचलं तेव्हा मी रस्त्यातच थांबलो होतो.

माझं मुख्य काम मुलांना गणित शिकवणं. तिथे अकरा-बारा वर्षांच्या मुलांची माध्यमिक शाळेच्या प्रवेशासाठी ‘एसईए’ नावाची परीक्षा असते आणि घरोघरी तिचं दडपण आपल्या दहावीसारखं. यंदाची परीक्षा एप्रिलमध्ये झाली आणि माझा वर्ग एका दिवसात रिकामा पडला. निघायला अजून कितीतरी दिवस होते. रिकामं बसणं मला जमेना, म्हणून मी चर्चच्या मागच्या खोलीत वाचनालय काढायचा घाट घातला. कागदावर यादी केली, फळ्या मोजल्या. तिथले पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, “तू गेल्यावर किल्ली कुणाकडे?” उत्तर नव्हतं. शेवटच्या महिन्यात नवं काही सुरू करू नका. त्यापेक्षा कुठल्या मुलाचं अपूर्णांकात अडतं, कुणाचे वडील रात्रपाळीला असतात, छताचा पंखा कुठल्या बटणाला लागतो, हे वहीत लिहून ठेवा. माझी वही चाळीस पानांची झाली. ते वाचनालयापेक्षा बरं काम होतं असं मला अजून वाटतं.

उरलेला वेळ आजीबरोबर गेला. आजी म्हणजे आजीच. वडिलांच्या आईला तिथेही ‘आजी’ आणि वडिलांच्या वडिलांना ‘आजा’ म्हणतात, आईकडचे नाना-नानी. हिंदी बोलता न येणाऱ्या पोरांच्या तोंडी हे शब्द आहेत, आणि बैगन, भाजी, तवा, बेलना हेही. ही आजी चर्चमधली सगळ्यांत वयस्क बाई. काठी टेकत मला घरोघर नेऊन निरोप घ्यायला लावायची. तिच्या सख्ख्या बहिणीच्या अंगणात हनुमानाचे झेंडे. मी एकदा विचारलं, दोघी वेगळ्या कशा? ती म्हणाली, “बापाला मिशनच्या शाळेत मास्तरकी हवी होती.” ख्रिस्ती झालं की तेव्हा नोकरी मिळणं सोपं होतं, ही तिथली उघड गोष्ट, कुणी लपवत नाही. मिशनरी म्हणून जाल तर ही गोष्ट तुम्हालाही ऐकावी लागेल. वाद घालू नका, समोर आलेला परसाद खा. मी खाल्ला, उत्तम होता.

खाण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण शेवटच्या महिन्यात रोज कुणीतरी वाढतंच. देबे गावात रस्त्याच्या कडेला तळणीच्या टपऱ्या आहेत. तिथे ‘सहीना’ मागा. अळूच्या पानांना डाळीचं पीठ लावून, गुंडाळून, कापून तळलेली. पहिला घास घेतला आणि मला नगरचं स्वयंपाकघर आठवलं. फक्त चिंच-गुळाऐवजी वरून चटणी होती. सकाळी ‘डबल्स’: ‘बारा’ नावाच्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्यांमध्ये छोल्यांचं कालवण, कागदात गुंडाळलेलं, उभ्यानेच खायचं. विकणारा विचारतो, “पेपर?”, म्हणजे तिखट किती. तेव्हा नगरी किंवा कोल्हापुरी अभिमान खिशात ठेवून ‘स्लाइट’, म्हणजे थोडंसं, म्हणा. तिथून दक्षिणेला मोरुगा आहे, आणि २०१२ मध्ये न्यू मेक्सिकोच्या विद्यापीठाने जगातली सर्वांत तिखट ठरवलेली मिरची त्याच गावाच्या नावाची. मी ‘स्लाइट’ न म्हणता एकदा खाल्लं. तासभर प्रार्थना सोडून दुसरं काही सुचलं नाही.

मे महिना आंब्यांचा. कैरीच्या फोडींना मीठ, मिरची, लसूण आणि ‘शाडो बेनी’ नावाचा लांब पानांचा रानटी वासाचा कोथिंबिरीचा चुलतभाऊ लावून ‘चाउ’ करतात.

३० मेला सुट्टी असते. १८४५ मध्ये त्याच तारखेला ‘फतेल रझाक’ जहाज पहिले भारतीय मजूर घेऊन आलं. तुमची मुदत हा दिवस धरून संपेल असं बघा. चर्चमध्ये बायका साड्या नेसून आल्या होत्या. हार्मोनियम, ढोलक आणि ‘धनताल’, म्हणजे उभ्या लोखंडी सळईवर नालासारख्या तुकड्याने ठोके. हिंदी भजनं रोमन लिपीत छापलेल्या कागदावरून म्हणतात, अर्थ मात्र बऱ्याच जणांना लागत नाही. मला ओळीओळीचा अर्थ इंग्रजीत सांगायला उभं केलं, मग मी आमच्या मंडळीत म्हणतात तसं एक मराठी भजन म्हटलं. धनतालवाल्या काकांनी दुसऱ्या कडव्याला ठेका अचूक पकडला. नंतर आजीने विचारलं, “ही कुठल्या गावची हिंदी?”

आता कोरड्या गोष्टी. पर्यटक म्हणून उतरून सेवा करायला लागू नका. मिशनऱ्यांना वेगळा परवाना लागतो आणि तिथल्या मंडळीकरवी ते काम बरंच आधी सुरू करावं लागतं. अमेरिकेमार्गे गेलात तर नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. लंडनमार्गे तिकीट असेल तर दोन्ही विमानं एकाच विमानतळावरची आहेत का ते पाहा. लष्करी चट्टेरीपट्टेरी कापड अजिबात नेऊ नका. टोपी, बर्म्युडा, पिशवी, काहीही. सामान्य माणसाने ते वापरणं तिथे गुन्हा आहे. वीज ११५ व्होल्टची, त्यामुळे इथला मिक्सर तिथे शोभेचा. नळाला पाणी रोज येईलच असं नाही, घराघरावर काळ्या टाक्या असतात. आपल्याला त्याचं काही वाटू नये.

फिरायला मॅक्सी-टॅक्सी, म्हणजे मिनीबस. तिच्यावरच्या पट्ट्याचा रंग पाहून चढायचं: पोर्ट ऑफ स्पेन ते सॅन फर्नांडो हिरवा, प्रिन्सेस टाउनचा काळा. चढताना सगळ्यांना ऐकू जाईल असं ‘गुड मॉर्निंग’ म्हणा. न म्हणणाऱ्याकडे लोक बघतात. भाड्याच्या मोटारींच्या नंबरात ‘एच’ असतो, ‘पी’वाली खासगी गाडी हात करून थांबली तरी बसू नका. अंधार पडल्यावर एकटे फिरू नका. हे तिथले लोकच बजावतात.

पैशांचं मी चुकलो. त्रिनिदादचे डॉलर बरेच उरवले आणि शेवटच्या आठवड्यात ते अमेरिकी डॉलरमध्ये बदलायला बँकेत गेलो. तिथे परकीय चलनाची सततची टंचाई. काउंटरवरच्या मुलीने मान हलवली. शेवटी ते मुलांच्या वह्यांत आणि आजीच्या गॅसच्या टाकीत गेले. आधीपासून हिशेबाने काढा.

सगळ्यांत महत्त्वाचं, पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस. त्रिनिदादहून येणाऱ्याला भारतात तिचा दाखला दाखवावाच लागतो, नाहीतर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. निघण्यापूर्वी इथेच सरकारमान्य केंद्रात लस घ्या. दाखला दहा दिवसांनी लागू होतो आणि जन्मभर चालतो. ती पिवळी पुस्तिका हातातल्या पिशवीत ठेवा. मी ती मोठ्या बॅगेत टाकली होती. तिथल्या पियार्को विमानतळावर बॅग पट्ट्यावर चढायच्या आधी आजीच्या नातवाने विचारलं म्हणून आठवण झाली आणि रांगेतच, सगळ्यांच्या देखत, मला बॅग उघडावी लागली.

घाईने बॅग पुन्हा भरताना आजीने दिलेली पेपर सॉसची बाटली आडवी पडली असणार. घरी येऊन बॅग उघडली तर तीन सदरे केशरी. बाटलीत निम्मं उरलं होतं. आईने बोटाच्या टोकावर घेऊन चाखलं, तांब्याभर पाणी प्यायली आणि बाटली फडताळाच्या वरच्या खणात ठेवली. “पाहुण्यांना विचारल्याशिवाय वाढायची नाही,” म्हणाली.