गद्धेगाळ (गाढवाचं शिल्प कोरलेली शापशिळा) अपडेट: लेखातलं संवत्सर वाचता आलं!

शिळेवरच्या लेखातल्या ज्या शकावर माझी गाडी अडली होती, तो सुटला. शिवेवरच्या शिळेचे चंद्रसूर्य ठसठशीत आहेत, खालचं गाढवाचं शिल्पही शाबूत आहे. रखडवलं ते मधल्या लेखानं. ‘शकु ११’ वाचता येत होतं, शेवटचा ‘१’ही दिसत होता, पण दशकाच्या जागी नुसता टवका. पुढची अक्षरं शेंदराच्या पुटांखाली. शेंदूर खरवडणं माझ्या लेखी बादच. गावाचा देव आहे तो.

मेटाशेपमध्ये (फोटो जोडून त्रिमितीय मॉडेल करणारं सॉफ्टवेअर) केलेल्या मॉडेलनं निराशा केली. शिल्प झकास उठलं, पण अक्षरं इतकी उथळ की जाळीत सपाट झाली. म्हणून अंधार पडल्यावर आरटीआय, म्हणजे रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग: वेगवेगळ्या दिशांच्या उजेडातले फोटो एकत्र करून उथळ कोरीव काम उठवायची पद्धत. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का, शिळेलगत काळा चकचकीत गोळा (त्यावरच्या चमकेवरून उजेडाची दिशा कळते), आणि दोरीनं अंतर मोजत दिवा चहूबाजूंनी फिरवायचा. गोळा स्नूकरचाच घ्या, रंगवलेल्या लाकडी मण्यावर चमक फुटते. ऑनलाइन मागवलेला स्वस्त एलईडी दिवा तापला की मंदावत होता, त्यामुळे पहिला संच फुकट गेला. दिव्यात कंजुषी नको.

आरटीआयच्या व्ह्यूअरमध्ये (फोटो पाहायच्या सॉफ्टवेअरमध्ये) चकाकी ठळक करणारा स्पेक्युलर मोड लावून रंग उतरवला आणि शेंदूर नजरेआड झाला. उजेड डावीकडून अगदी खाली आणला, तर टवक्याच्या पुढे वेलांटीची कड उठली, मग ‘रो’, मग ‘धि’. विरोधि! किती वेळ नुसता बघत बसलो होतो.

पण साठ वर्षांच्या चक्रात अशा नावाची संवत्सरं दोन: विरोधी तेविसावं, विरोधिकृत पंचेचाळिसावं. ‘धि’नंतरचं अक्षर झिजलेलं. इथे गणित कामी आलं. शकात १२ मिळवून ६०नं भागायचं, बाकी उरते तो संवत्सराचा क्रमांक. अलिबागजवळच्या आक्षीच्या शिलालेखावर ताडून पाहा: शके ९३४ अधिक १२, बाकी ४६, म्हणजे परिधावी; लेखात ‘प्रधावी’ आहे. विरोधिकृत अकराशेंमध्ये १११३ आणि ११७३ लाच येतं, दोन्हींच्या शेवटी ३. विरोधी मात्र फक्त ११५१ ला. आपला शेवटचा आकडा १. म्हणजे शके ११५१, इ.स. १२२९-३०. टवक्यात गेलेला ५ असा परत मिळाला!

आता कागदी ठसा घेणार होतो, पण लिहिता लिहिताच तो बेत रद्द केला. ओल्या कागदाला शेंदूर लागणार, आणि पुटंही सुटायची. (खडू किंवा पीठ भरून फोटो काढणाऱ्यांनीही आता थांबावं, कळकळीची विनंती.) त्यापेक्षा याच संचात वरची ओळ उजवीकडच्या उजेडात पाहतो. काळ उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातल्या राजाचा, दुसऱ्या केशिदेवाचा ठरतो. त्याचा शके ११६१ चा भिवंडीजवळच्या चौधरपाड्याचा लेख आहेच. त्यातला ‘के’ आणि ‘सि’ शेजारी ठेवून राजाचं नाव जुळतंय का, ते आधी बघायचं. चौधरपाड्याच्या लेखाचे तिरप्या उजेडातले चांगले फोटो कुणाकडे असतील तर पाठवा.