खारपाणपट्ट्यातली दुपार

ऋषिपंचमीला गजानन महाराजांच्या शेगावी पोहोचायचे म्हणून आमची दिंडी माधानहून निघाली, त्यानंतरचे दिवस मला आता वेगळे काढता येत नाहीत. काकडा, हरिपाठ आणि ओल्या सतरंज्या एकमेकांत मिसळून गेल्या आहेत. दर्यापूर केव्हा मागे पडले, तेही आठवत नाही.

माधान हे गुलाबराव महाराजांचे गाव. तान्हेपणीच दृष्टी गेलेली, आयुष्य १८८१ ते १९१५ एवढेच, आणि तरी ग्रंथांची केवढी रास! डोळे नसताना पाहतो तो कोण, हा प्रश्न मनात घेऊन मी वाटभर साक्षी राहण्याचा संकल्प केला होता. जे दिसते ते पाहणारा नव्हे; वेदना जाणवते, म्हणजे मी वेदना नव्हे, असे मी शेजारच्या वारकऱ्याला सकाळी ऐकवलेसुद्धा.

दुपारी टाचेवरचा फोड फुटला. त्यात काळ्या मातीचा चिखल भरत होता आणि गाडीवरचा भोंगा ‘गण गण गणात बोते’ इतक्या कर्कशपणे म्हणत होता की नामाचाच राग यावा. (तो आला, लपवत नाही.) पाहणारा कुठेतरी मागेच राहिला, सोबत उरला तो ‘बघा, मी किती अलिप्त’ असे स्वतःलाच सांगणारा हिशेबनीस.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या त्या गावात एक म्हातारी दारात बादली आणि झाकलेली घागर घेऊन बसली होती. मी बादलीतच पेला बुडवून तोंडाला लावला.

“अजी बाप्पा, ते पाय धुवाचं पानी हाय! प्याचं घागरीत हाय.”

खारपाणपट्ट्यातले, म्हणजे जमिनीखालचे पाणीच खारट असलेल्या भागातले, बोअरचे पाणी ते. घोट थुंकून टाकावा लागला. १८७८ साली शेगावात प्रकटलेल्या गजानन महाराजांनी गुरांच्या हौदातले पाणी अभेदाने प्यायल्याची कथा मीच आदल्या रात्री रंगवून सांगितली होती.

म्हातारीने न विचारता माझा पाय ओढून मांडीवर घेतला. “माउली, तुम्ही नका,” म्हणून मी मागे सरलो, तर “हलू नका जी,” म्हणून तिने दटावले आणि फोडावर पाणी ओतले. मीठ झोंबले. त्या क्षणी झोंबणे होते, तिची खरखरीत बोटे होती, पाणी ठिबकण्याचा आवाज होता. पण हे सारे कोणाला होते आहे, ते सांगायला कोणी नव्हते, हिशेबनीसही नव्हता. किती वेळ, ते ठाऊक नाही, कारण मोजणाराच हजर नव्हता. मग ‘हाच तो अनुभव’ असे मनात उमटले आणि त्याबरोबर मीही परत आलो, फोडासकट.

शेगावला दर्शन झाले, प्रसाद मिळाला. रांगेत तो क्षण पुन्हा आणण्याचा प्रयत्न केला, तो साफ फसला.

निघताना मी म्हातारीच्या पाया पडायला वाकलो होतो. तिचे लक्ष नव्हते. माझा पेला विसळून तिने घागरीवर पालथा घातला आणि मागच्याला पाय पुढे करायला सांगितले.