आईला घेऊन पोर्तुगाल: सोमवार, चढ आणि पाव

आम्ही वसईचे. शाळेच्या सहली किल्ल्यातच व्हायच्या. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये तो घेतला हे पाठ होतं, पण ज्यांच्याकडून घेतला त्यांचा देश बघावा असं कधी मनात आलं नव्हतं. गेल्या वर्षी आईनेच विषय काढला. ती एकाहत्तर वर्षांची, गुडघे कुरकुरणारे.

पोर्तुगालला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच) लागतो, त्याची फी ९० युरो. किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा हवा आणि प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा. आईने पासबुकाची झेरॉक्स आणली होती, तीच परत आली. बँकेचा शिक्का असलेलं स्टेटमेंट घेऊन पुन्हा गेलो. एवढं सोडलं तर व्हिसाचा त्रास झाला नाही. खरा त्रास माझ्याच नियोजनाने दिला.

लिस्बनला पोहोचलो रविवारी. सोमवारी सकाळी फिगेरा चौकातून पंधरा नंबरची ट्राम पकडून बेलेंला गेलो, तर जेरोनिमोस मठाचं दार बंद. सोमवारी सुट्टी! मग जवळच्या, १८३७ पासून चालू असलेल्या दुकानातून बेलेंची प्रसिद्ध पेस्ट्री घेतली. आई अंडं खात नाही, म्हणून दोन्ही मीच संपवल्या. तक्रार नाही.

मंगळवारी पुन्हा तीच ट्राम. मठाच्या आवाराचं तिकीट आणि चर्चचा प्रवेश वेगळा असतो. आम्ही गेलो तेव्हा चर्चमध्ये जायला पैसे नव्हते, आणि वास्को द गामाची कबर तिथेच, आत शिरल्या शिरल्या आहे. तो १५२४ मध्ये कोचीत वारला, आधी तिथेच पुरला, अवशेष नंतर इकडे आणले. कोचीची ती जागा आम्ही पूर्वी पाहिली होती. आई म्हणाली, "चला, दोन्हीकडे हजेरी लागली."

अठ्ठावीस नंबरच्या पिवळ्या ट्रामची रांग बघूनच मी नाद सोडला. लिस्बनचे चढ-उतार मात्र सोडता येत नाहीत. पदपथ लहान गुळगुळीत दगडांचे, त्यामुळे चांगली पकड असलेले बूट नसतील तर घरीच राहा. कार्मो मठाला छप्पर नाही. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात ते कोसळलं आणि तसंच ठेवलं. त्या उघड्या कमानींखाली आई बराच वेळ बसली. "आपल्या किल्ल्यातली चर्चं अशीच की," एवढंच बोलली.

लिस्बनजवळच्या सिंत्राला सर्वांत मोठी चूक झाली. रोसियो स्टेशनवरून लोकल चाळीसेक मिनिटांत पोहोचवते, पुढे पेना राजवाड्यासाठी ४३४ नंबरची बस. तिकिटावर साडेदहाची वेळ होती आणि सव्वादहाला आम्ही फाटकावर. निवांत! पण ती वेळ राजवाड्याच्या दाराची असते, बागेच्या फाटकाची नव्हे. दोन्हींमध्ये अर्ध्या तासाचा चढ. आतली छोटी बस वेगळे पैसे देऊन मिळते, ती मिळेपर्यंत वेळ टळून गेली. दारावरच्या मुलाने आईकडे एकदा पाहिलं आणि आत सोडलं. हा उपाय सगळ्यांना उपलब्ध नसतो, तेव्हा तासभर आधी पोहोचा.

जेवणाचं एक सांगते. हॉटेलात बसताच पाव, ऑलिव्ह, लोणी समोर येतं. मागवलेलं नसतं, पण खाल्लं की बिलात लागतं. नको असेल तर लगेच परत द्यावं. वेटर 'पांव' असं काहीतरी म्हणाला आणि आई चमकली. मग तिला खेळच सापडला. बटाटा 'बताता', कोबी 'कोव', साबण 'साबांव'. पैसे देणे म्हणजे 'पगार' हे कळल्यावर तर ती म्हणाली, "इथे पगार देतात, घेत नाहीत?"

शेवटचे दोन दिवस पोर्तो. रेल्वेने साधारण तीन तास, आणि तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त. साओ बेंतो स्टेशनच्या भिंतींवर सुमारे वीस हजार निळ्या-पांढऱ्या फरशांची चित्रं आहेत. गाडी पकडायची नसतानाही जा. १८८६ चा दों लुईश पूल वरच्या मजल्यावरून चालत ओलांडला, शेजारून मेट्रो जात होती आणि आई कठडा सोडायला तयार नव्हती.

निघताना घरमालकीण हात पुढे करून 'शाव, शाव' म्हणत होती. मी फोनवर अर्थ शोधेपर्यंत आईने पर्समधून चावी काढून तिच्या हातावर ठेवली होती.