स्वतः नळी घालायला शिकले, माझा अनुभव

घोडबंदर रोडला स्कूटीवरून पडले आणि मणक्याला डी-५ ला (छातीच्या मागचा पाचवा मणका) मार बसला. पायांचं सगळे विचारतात, लघवीचं कोणीच नाही, म्हणून तेच लिहितेय.

पहिले चार महिने लघवीची कायमची नळी आणि पलंगाला लटकवलेली पिशवी. एका रात्री डोकं असं ठणकायला लागलं की बोलवेना, तोंडावर घाम, बीपी १८०. आई बीपीची गोळी शोधत होती, तेवढ्यात वहिनीने पांघरूण काढलं तर नळी मांडीखाली दबलेली. सरळ केली, लघवी उतरली, थोड्या वेळात डोकंही थांबलं. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात, डी-६ किंवा त्याच्या वर मार असेल तर मूत्राशय तुंबल्यानेही बीपी जीवघेणं चढू शकतं. आधी पेशंटला उठवून बसवायचं, मग नळी तपासायची. हे घरी सोडताना कोणी सांगितलं नाही, त्याचा राग अजून आहे.

मग युरोडायनॅमिक टेस्ट झाली. मूत्राशयात हळूहळू सलाईन भरून प्रेशर मोजतात. माझं मूत्राशय आवळायचं त्याच वेळी खालचं तोंडही आवळायचं, त्यामुळे आत प्रेशर वाढून किडनीला धोका, आणि मला कळत काहीच नव्हतं! मूत्राशय सैल ठेवणारी ऑक्सिब्युटिनिन गोळी सुरू झाली (तोंडाला नुसती कोरड) आणि सीआयसी शिका म्हणाले, म्हणजे दर चार-सहा तासांनी आपणच नळी घालायची, रिकामं करायचं, काढून टाकायची. घरी ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक कुठून करणार ही माझी भीती, पण साबणाने स्वच्छ धुतलेले हात पुरतात, अमेरिकेत डॉ. लॅपिडिस यांनी १९७२ मध्येच ही पद्धत मांडली होती.

बायकांसाठी खरी अडचण म्हणजे लघवीचं तोंड दिसत नाही. मांडीत आरसा, वहिनी मोबाईलचा टॉर्च धरून, आणि तीनदा नळी चुकून योनीत. तिसऱ्यांदा मी रडले. नर्सताईंनी सांगितलं, चुकलेली नळी तिथेच राहू दे, नवीन घेऊन तिच्या वर शोध. लगेच सापडलं! महिन्याभरात आरसा सुटला, बोटाने कळायला लागलं.

वहीत वेळ आणि एमएल लिहिते. एका वेळी ४०० च्या वर जाऊ देत नाही, गेलं तर पुढची वेळ अलीकडे घेते.

मागच्या रविवारी वहिनीबरोबर तलावपाळीला गेले, पिशवीशिवाय पहिल्यांदाच. साडेतीन तास होतो. घरी येऊन मोजलं, ३५० एमएल.