खालीवरची तिहाई

साथीच्या तबलजीने तिहाई घ्यावी ती गवयाने जागा दिली तरच, हे माझं जुनं मत. एकच बोल तीनदा वाजवून शेवटचा 'धा' समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर आणायचा, एवढाच प्रकार; पण हल्लीची मुलं उठसूट तिहाया फेकतात, टाळ्या घेतात आणि गाणं मागं पडतं. श्रावणात चिकोडीकडच्या एका मठात मात्र मीच न विचारता तिहाई घेतली. ती अजून डोक्यातून जात नाही.

गवई गुरुजी वयस्कर, घरची भाषा कन्नड. शरणांची कन्नड वचनं आणि अभंग सारख्याच जिव्हाळ्यानं गाणारे. त्या दिवशी सोळा मात्रांच्या द्रुत त्रितालातली बंदिश रंगली होती. मुखडा, म्हणजे समेवर नेणारा बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा, नवव्या मात्रेपासून, म्हणजे टाळी न देता हात उलटा धरतात त्या खालीपासून. माईकवाल्यानं एकच माईक दिलेला, तोही तबल्याच्या तोंडाशी. डाव्या हाताचा डग्गा वाऱ्यावर, आमच्याकडं तोंड केलेल्या स्पीकरचा, म्हणजे मॉनिटरचा, पत्ता नाही. त्रितालात खाली ओळखायची ती डग्ग्याच्या घुमाऱ्यावरून. 'धा तिं तिं ता'ला तो थांबतो. तोच ऐकू येत नसेल तर ठेक्याचे, म्हणजे तालाच्या ठरलेल्या बोलांचे, चारही भाग कानाला सारखेच. हे मी प्रत्येक मांडवात सांगतो आणि "आवाज येतोय की ओ" हेच ऐकून घेतो.

लांब तान संपली आणि गुरुजींनी मुखडा उचलला तो थेट समेवर. म्हणजे आठ मात्रांनंतरची त्यांची सम येणार माझ्या खालीवर. पेटीवाला मुकाट त्यांच्यामागं गेला. मलाही आठ मात्रा गिळून ठेका फिरवता आला असता. बरेच जण फिरवतात. पण पुढच्या रांगेत हातावर ताल धरून बसलेली जाणती माणसं होती. फिरवलेला ठेका त्यांना लगेच कळला असता, आणि चूक गुरुजींच्याच नावावर लागली असती.

खाली आली तशी घेतली: 'तिटकत गदिगन धा'. तीन मात्रांचा तुकडा, मध्ये दम म्हणजे विराम नाही, तीनदा. नऊ मात्रा होतात. आठ सोळाव्या मात्रेपर्यंत, नववी ती सम. बोल मुद्दाम सुटे आणि खणखणीत ठेवले. दुसऱ्या 'धा'ला गुरुजींनी मान वळवली, षड्ज लावून धरला, तिसऱ्या 'धा'ला हात खाली टाकला आणि पुढच्या खालीवर मुखडा नेमका उचलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सवालजवाबच वाटला त्यांना.

तंबोऱ्यावरचा शिष्य नंतर म्हणाला, "मास्तर, गुरुजींस्नी सगळ्यांसमोर दाखवलासा की ओ." गुरुजी चहा घेताना त्यावर चकार शब्द बोलले नाहीत. बेळगावातले माझे एक तबलजी मित्र म्हणतात, गवई जाईल तिकडं ठेका नेणं हीच साथ. मला ते पटत नाही. सम राखायला तर आपल्याला शेजारी बसवलेलं असतं. पण त्या पोराचा उतरलेला चेहरा आठवला की वाटतं, तिहाई न घेता नुसता समेचा 'धा' दाबून वाजवला असता तर भागलं असतं का? त्या मांडवात, त्या एका माईकवर, तो त्यांच्या कानापर्यंत पोचला असता असं मला तरी वाटत नाही.

हुक्केरीला पुन्हा त्यांच्याचबरोबर साथ आहे. डग्ग्याचा माईक आणि स्टँड मी घरूनच नेणार आहे.