हिवाळ्याच्या आत घरी यावा लागणारा कापूस

यवतमाळकडच्या वाचकांना कापसाबद्दल नवे काय सांगणार, असे वाटणे साहजिक आहे. पण मी सध्या राहतो त्या ताश्कंद परिसरात जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली उतरतो, शेतांवर बर्फ पडतो, आणि तरीही कापूस हे उझबेकिस्तानचे प्रमुख नगदी पीक आहे.

आपल्याकडे पेरणीची वेळ मृगाचा पाऊस ठरवतो, इथे ती जमिनीची ऊब ठरवते. एप्रिलमध्ये माती 12 ते 14 अंशांवर स्थिरावली की सरकी पेरतात. घाई केली तर बी गार मातीत कुजते आणि उशीर झाला तर शेवटची बोंडे थंडीच्या कडाक्यात सापडतात. उन्हाळा मात्र कापसाला हवा तसाच असतो, कडक ऊन आणि लांब दिवस; पाऊस जवळजवळ नसल्यामुळे सारी भिस्त कालव्यांवर असते.

मला सर्वाधिक विचार करायला लावले ते शेंडे खुडण्याने, ज्याला इथे चिल्पिश म्हणतात. जुलैच्या अखेरीपासून, पीक ऐन फुलोऱ्यात असताना, प्रत्येक झाडाचा कोवळा शेंडा मोडतात, कारण यानंतर धरलेल्या पातीचे, म्हणजे कळीचे, बोंड होऊन ते फुटेपर्यंत ऊब टिकणार नसते. मग झाडाची ताकद खालच्या बोंडांकडे वळते. सप्टेंबरमध्ये बरीचशी बोंडे फुटली की पानगळीचे औषध फवारून वेचणीची घाई सुरू होते.

फरदड घेण्याचा, म्हणजे वेचणी संपल्यावरही तेच पीक राखून पुन्हा कापूस घेण्याचा, प्रश्नच इथे येत नाही. विदर्भात फरदडीमुळे गुलाबी बोंडअळीला खाद्य मिळत राहते, म्हणून डिसेंबरनंतर पीक शेतात ठेवू नका, असे कृषी शास्त्रज्ञ कळकळीने सांगत असतात. इथे पीक वेळेत संपवण्याचे काम गोठवणारी थंडीच करते. पऱ्हाट्या उपटून, आपल्यासारख्याच, सरपणासाठी रचल्या जातात.

या नेटक्या शेतीचे कौतुक वाटते, पण तिच्या पाण्याचे नाही. अमू आणि सीर या नद्यांचे पाणी मुख्यतः कापसासाठी वळवल्याने 1960 नंतर अरल समुद्र आटत गेला. खोरेझमसारख्या भागात तर पेरणीपूर्वी, हिवाळ्याच्या शेवटी, जमिनीवर चढलेले क्षार धुण्यासाठीच शेते पाण्याने भरतात. हे पाणीही कापसाच्याच खर्चात धरले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.