पेंढ्यातला दगड

रिव्ह्यू कमिटी येणार म्हटलं की पायलट प्लांटवर आधी रंगकाम होतं, मग झाडलोट, आणि सगळ्यात शेवटी आठवतं की मशीनही चालवून दाखवायचं आहे. आमचा प्रकल्प केंद्र सरकारच्या निधीवर चालायचा. भागीदार तीन: आमची प्रयोगशाळा, पेंढा पुरवणारं कृषी महाविद्यालय आणि जिच्या आवारात प्लांट होता ती कंपनी. भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करायचं होतं. मी रिसर्च असोसिएट, माझ्याकडे एन्झाइमचं काम.

कागदावर सगळं सरळ असतं. पेंढा बारीक करा, सौम्य आम्ल आणि दाबाखालची वाफ देऊन त्याची घट्ट वीण सैल करा. मग एन्झाइम सेल्युलोजची साखर करतात आणि यीस्ट त्या साखरेचं इथेनॉल. प्रयोगशाळेत आमचा पेंढा धुतलेला, वाळवलेला, चाळलेला असायचा. प्लांटवर तो गठ्ठ्यांनी येतो आणि सोबत अर्धं शेत घेऊन येतो.

कमिटी हेल्मेट घालून रेलिंगपाशी उभी होती. पेंढा रिअॅक्टरमध्ये ढकलणारा जो स्क्रू असतो, तो पेंढ्याचा इतका घट्ट बूच बनवतो की आतली वाफ मागे येऊ शकत नाही. बूच सैल पडला तर वाफ थेट हॉपरमधून, म्हणजे पेंढा टाकायच्या तोंडातून, बाहेर. पॅनेलवरचा ऑपरेटर हळूच म्हणाला, "मॅडम, अँपिअर लई चढायलेत." मी कंपनीच्या इंजिनिअरकडे पाहिलं, त्याने कमिटीकडे. तेवढ्यात आतून करकर ऐकू आली आणि मोटर ट्रिप झाली. ऑपरेटरने कुणालाही न विचारता वाफेचा व्हॉल्व्ह बंद केला, म्हणून पुढचं टळलं.

गार झाल्यावर फीडर उघडला. सुपारीएवढे दोन दगड, शाफ्टला गुंडाळलेली बेलरची (गठ्ठे बांधणाऱ्या यंत्राची) नायलॉनची दोरी, आणि स्क्रूच्या पात्यांवर घासल्याच्या चकचकीत रेघा. भाताच्या पेंढ्यात मुळातच राख भरपूर, पंधरा टक्क्यांच्या आसपास, आणि तीही बहुतेक सिलिका, वाळूत असते तीच. म्हणजे स्क्रूला रोजच पॉलिश पेपर लावल्यासारखं. त्यात बांधावरची माती.

खरी गंमत मीटिंगमध्ये झाली. महाविद्यालयाचे प्राध्यापक म्हणाले, आम्हाला फक्त ओलावा किती चालेल ते सांगितलं होतं, तो आम्ही पाळला. कंपनी म्हणाली, साफ माल देणं पुरवणाऱ्याचं काम. आमचे सर गप्प. अध्यक्षांनी करारनामा मागवला. त्यात एन्झाइमच्या पेटंटवर हक्क कुणाचा यावर चार पानं होती आणि कच्च्या मालावर एक ओळ.

अध्यक्ष या क्षेत्रातले जुने. म्हणाले, "अमेरिकेच्या ऊर्जा विभागाला याच दुखण्यासाठी राष्ट्रीय प्रयोगशाळांचा वेगळा गट उभा करावा लागला. तुम्ही एकटे नाही. पण यासाठी बजेटमध्ये हेड, खर्चाचा रकाना, कुठे आहे?" नव्हतं. उपकरणं, मनुष्यबळ, रसायनं, प्रवास, ओव्हरहेड. दगड काढायला पैसे कुठल्याच रकान्यात बसेनात. मला विचाराल तर हे फक्त आमच्या प्रकल्पापुरतं नाही. नव्या एन्झाइमवर पेपर होतो, पीएचडी होते. चाळणीवर होत नाही, म्हणून प्रस्तावात ती कुणी लिहीतच नाही. पण पानिपतच्या इंडियन ऑइलच्या इथेनॉल प्रकल्पासारखा वर्षाला दोन लाख टन पेंढ्याचा हिशोब मांडायचा, तर हा चाळणीचाच धंदा आहे.

शेवटी परदेश प्रवासाचे पैसे उपकरणांच्या हेडमध्ये वळवायचं ठरलं. त्याला निधी देणाऱ्या विभागाची मंजुरी, त्याआधी यूसी (आधीचा निधी वापरल्याचं प्रमाणपत्र), मग जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवर, खरेदी, सगळ्यात कमी दर भरणारा पुरवठादार, त्याची मुदतवाढ. दगड-माती वेगळं करणारी फिरती चाळणी आणि लोखंड ओढणारं चुंबक येईपर्यंत भाताचा हंगाम उलटून गेला होता. मग गोदामातल्या जुन्या, एका पावसात भिजलेल्या गठ्ठ्यांवरच चाचणी घेतली. स्क्रू संपूर्ण पाळी चालला. साखरेचा उतारा मात्र घसरला, कारण भिजलेल्या पेंढ्यातली बरीचशी साखर आमच्याआधीच बुरशीने खाल्ली होती. पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेवर महाविद्यालयाने पहिलाच मुद्दा घातला: गोदामाला पत्रे कोणत्या हेडमधून?